आधी सत्कार

शिखरवाट अकॅडमीचा एक नियम कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नव्हता, पण सांगलीपासून पाटणपर्यंतच्या सगळ्या शाखांत तो कसोशीनं पाळला जायचा. आधी सत्कार, मग अ‍ॅडमिशन. पोराचा प्रवेश पक्का व्हायच्या आत त्याच्या गावात जायचं, देवळापुढं मांडव टाकायचा, पोराला आणि बापाला फेटा बांधायचा, आईची ओटी भरायची आणि एसटी स्टँडवर असा दांडगा फ्लेक्स लावायचा, की पुण्याहून सुट्टीला आलेल्या माणसाला गाडीतनं उतरल्या उतरल्या कळावं, अमक्याचं पोरगं तमक्या कॉलेजात चाललं. हा नियम अतिशय पाटलाच्या डोक्यातनं निघाला होता आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता.

अतिशय हे त्याचं खरंखुरं नाव. सांगलीच्या बाजूला जैनांच्या घरांत असतं असं नाव आणि तिथं कुणी वळूनही बघत नाही. पाटणच्या शाखेत मात्र नवे पालक आले की टेबलावरची पाटी दोनदा वाचायचे. हा माणूस मुळात फिजिक्सचा मास्तर, आणि मास्तर म्हणून खरोखर चांगला. कप्पी आणि दोरीची गणितं तो अशी समजावायचा की विहिरीवर वाढलेल्या पोरांना वाटायचं, हे तर आपल्याला येतच होतं. पण अलीकडं त्याच्या हातात खडू कमी आणि माईक जास्त असायचा.

नियमाची युक्ती सुचली ती वडलांवरून. पायगोंडा पाटील हा सरळ माणूस. ऊस, हळद आणि देवदर्शन एवढंच त्याचं जग. एकदा सोसायटीच्या निवडणुकीत तो आपल्या गटाच्या सभेला निघाला आणि वाटेत विरोधी गटाच्या मांडवात पाणी प्यायला थांबला. त्या लोकांनी डाव साधला. धरून खुर्चीवर बसवलं, डोक्याला फेटा गुंडाळला आणि माईकवरून पायगोंडाअण्णांचा जाहीर पाठिंबा पुकारून टाकला. घरी आला तो रडकुंडीला येऊनच. बायको म्हणाली, "मग जाऊन सांगा की, माझा पाठिंबा न्हाई म्हणून." तो म्हणाला, "चारचौघांत फेटा बांधून घेतलाय. आता कुठल्या तोंडानं सांगू?" निवडणूक होऊन मुदत संपेपर्यंत तो गुमान त्या गटामागं फिरला आणि लहानपणापासूनचे सोबती त्याच्याशी बोलायचे बंद झाले. अतिशय तेव्हा शाळेत होता. त्याला बापाची कीव आली होती, पण गोष्ट त्याच्या चांगली ध्यानात राहिली.

अकॅडमीचा मालक ऋषिराज शिंगटे. त्यानं आणि अतिशयनं मिळून सांगलीत एका हळदीच्या गोदामावरच्या खोलीत क्लास सुरू केला, तेव्हा खाली पोती आणि वर न्यूटनचे नियम. पोरं पिवळे पाय घेऊन घरी जायची. क्लास चालला, वाढला, आणि मग ऋषिराजच्या लक्षात आलं की शिकवण्यात घाम फार आणि खरी मलई प्रवेशात आहे. गुण कमी पडलेलं पोर कुठल्या खासगी नाहीतर परदेशी कॉलेजात न्यायचं हे आपण ठरवायचं आणि त्या कॉलेजानं आपल्याला खूश करायचं. धंदा सोपा होता, अडचण एकच. पालक शेवटपर्यंत एक पाय बाहेर ठेवायचे. आयत्या वेळी सरकारी यादीत नाव लागलं की हात जोडून, "सर, राग मानू नका," म्हणून पसार व्हायचे. अशाच एका पसार झालेल्या पालकाला ऋषिराज शिव्या घालत असताना अतिशयनं चहा ढवळता ढवळता वडलांची गोष्ट सांगितली. ऋषिराज आधी पोट धरून हसला. मग एकदम हसायचा थांबला.

तेव्हापासून सत्कार सुरू झाले आणि पसार होणं बंद झालं. एकदा स्टँडवर फ्लेक्स लागला, पाव्हण्यारावळ्यांचे फोन येऊन गेले, की सरकारी सीट लागली काय अन् न लागली काय, बाप मागं फिरायचं नाव काढीत नसे. अतिशयला पाटणची शाखा मिळाली, आणि साताऱ्यात पोवई नाक्याला मोठी शाखा निघणार होती ती सुद्धा त्यालाच, असं ऋषिराज म्हणत होता. म्हणत होता, देत नव्हता.

तर त्या सालात आंबवणेवाडीची सृष्टी घाडगे नावाची मुलगी पाटणच्या शाखेत होती. आंबवणेवाडी म्हणजे कोयनानगरकडं जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावरचं गाव, जिथं भूकंपाचा धक्का बसला तरी माणसं भाकरी खाली ठेवत नाहीत. तिचे वडील जोतिबा घाडगे फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. ते सरहद्दीवर असताना घरची जनावरं पोरीनंच सांभाळलेली. एकदा म्हैस अडली होती आणि जनावरांच्या डॉक्टरांची गाडी घाटात बंद पडली होती. तेव्हा डॉक्टर फोनवरून सांगत गेले आणि ह्या पोरीनं कोपरापर्यंत हात घालून रेडकू सोडवलं. त्या दिवसापासून तिच्या मनानं एकच घेतलं होतं, आपण जनावरांचं डॉक्टर व्हायचं. तिनं हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते अतिशय सरांना.

सुभेदारांच्या मनात मात्र पोरीनं माणसांची डॉक्टर व्हावं असं होतं. नीटचा निकाल लागला. इथल्या सरकारी एमबीबीएसला गुण पुरेनात. मग ऋषिराजनं सुभेदारांना सांगलीच्या ऑफिसात बोलावलं, थंडगार खोलीत बसवलं, भिंतीएवढ्या पडद्यावर परदेशातलं बर्फातलं कॉलेज दाखवलं. सुभेदारांना बर्फाचं नवल नव्हतं, त्यांची निम्मी नोकरी बर्फात गेली होती. पण पोरीच्या नावापुढं डॉक्टर लागणार ह्या गोष्टीनं ते पाघळले. हो म्हणाले.

त्याच आठवड्यात सृष्टी पाटणच्या ऑफिसात आली. दार लोटून घेऊन म्हणाली, "सर, पशुवैद्यकीयचा फॉर्म भरायचाय. बाबांना सांगू नका." अतिशयनं तिच्या शेजारी बसून फॉर्म भरून दिला. भरता भरता म्हणाला, "सीट लागली तर मी बोलतो बाबांशी." हे त्यानं मनापासून म्हटलं, यात शंका नाही. आणि पुढच्या रविवारी आंबवणेवाडीत जाऊन त्यानंच तिचा सत्कार केला. वेळापत्रकात आंबवणेवाडी होती म्हणून केला. सीट काही लागायची नाही असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि असं धरून चालणं फार सोयीचं असतं. सुभेदारांना फेटा बांधला, पोरीला बांधला, स्टँडवर फ्लेक्स चढला. "आंबवणेवाडीची पहिली परदेशी डॉक्टर." फोटोतली सृष्टी हसत नव्हती. फ्लेक्सवाल्यानं संगणकावर तिच्या ओठांचे कोपरे जरा वर ओढून घेतले.

आणि सीट लागली. मराठवाड्यातलं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज, सरकारी फी, राहायला वसतिगृह. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथं जाऊन स्वतः हजर व्हायचं, नाहीतर सीट पुढच्याला. सृष्टीनं सकाळी फोन केला तेव्हा तिच्या आवाजात रडू आणि हसू दोन्ही होतं. "सर, लागली. आता तुम्ही बोला बाबांशी." नेमका त्याच दिवशी संध्याकाळी गावात तिच्या निरोपाचा कार्यक्रम होता. तोही अकॅडमीनंच ठेवलेला. परदेशाचं विमान चार दिवसांवर आलं होतं.

अतिशयनं आधी ऋषिराजला फोन लावला. वाटलं, एवढा जुना दोस्त आहे, एका पोरीसाठी ऐकेल.

"तिला सरकारी सीट लागलीय," तो म्हणाला. "सोडू या तिला."

"कसली सीट? ढोरांची?" ऋषिराज हसला. "अतिशय, गड्या, एक पोरगी गेली तर गेली, मला तिचं काय न्हाई. पण आंबवणेवाडीतला फ्लेक्स उतरला की सगळ्या खोऱ्यात कळंल, सत्कार झाला तरी मागं फिरता येतंय. मग तुझ्या युक्तीत राहिलं काय? उद्या शंभर बाप येतील फेटा हातात घेऊन."

"तिथून शिकून आलेली पोरं इथली परीक्षा पास होत नाहीत रं, ऋषी. तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

"काही होतात की. ही हुशार हाय म्हणतोस न्हवं? हुईल पास." मग तो म्हणाला, "तू ताण घेऊ नकोस. संध्याकाळी मी स्वतः येतोय कार्यक्रमाला."

अतिशयनं फोन ठेवला. त्याला संताप आला होता, ऋषिराजचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. मोटारसायकल काढली आणि दुपारच्या उन्हात सरळ आंबवणेवाडी गाठली. स्टँडवर फ्लेक्स तसाच होता, फक्त वाऱ्यानं एका कोपऱ्याची दोरी सुटून फडफडत होता.

सुभेदार ओसरीवर बसून दाढी करत होते. त्याला बघून त्यांनी तोंड पुसलं आणि खुर्ची पुढं सरकवली. घरात पोरीची मोठी बॅग भरून ठेवलेली दिसत होती. तिच्यावर नवं लोकरीचं जाकीट घडी करून ठेवलेलं. अतिशयनं वाटेत काय काय जुळवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. मग एकदम बोलायला लागला आणि थांबलाच नाही. पोरीनं गुपचूप भरलेला फॉर्म सांगितला, लागलेली सीट सांगितली. परदेशातून शिकून आल्यावर इथं आणखी एक परीक्षा द्यावी लागते आणि बहुतेक पोरं तिथंच अडकतात, हे सांगितलं. आपल्या अकॅडमीला तिकडच्या कॉलेजाकडून पोरामागं पैसे मिळतात, हेही सांगून टाकलं. सांगताना त्याची नजर अंगणातल्या म्हशीवर होती.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. शीटचं पोरीच्यानं दम धरवला न्हाई, सकाळीच सांगितलं. आन् परीक्षेचं तर कवाच कळलंय. माझ्या युनिटमधला जोडीदार हाय लोणंदचा. त्येचा पोरगा तिकडनंच शिकून आलाय. आल्यापास्नं परीक्षा देतोय, पास हुईना. आता पाव्हण्याच्या मेडिकलात बसून गोळ्या इकतोय."

"मग गप्प का बसलात, सुभेदारसाहेब? तुम्ही हो म्हणायला नको होतं."

"आवं सर, ते कळलं कवा? सत्कार झाल्यावर! फ्लेक्सचा फोटू मीच युनिटच्या ग्रुपवर टाकला, तवा त्येचा फोन आला. अभिनंदन करायला न्हाई, रडायला." सुभेदारांनी दाढीचं सामान डब्यात ठेवलं. "आता मागं फिरून बघा. लोक पैल्यांदा म्हनणार, पैसं पुरलं न्हाईत. ते मी सोसीन. मग म्हनणार, पोरगी नापास झाली. तेबी सोसीन. त्येच्याम्होरं जाऊन काय म्हनणार? परदेशाला निघालेली पोरगी एकाकी मराठवाड्यात कशापायी धाडली, काय भानगड झाली? पोरीच्या बाबतीत मानसं कुठवर जात्यात, तुमाला ठावं न्हाई?"

ठाऊक होतं. त्यावरच तर सगळी युक्ती उभी होती.

"म्हणून तिला पाठवणार?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. ते आता खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते. "एक करा. फेटा ज्यानं बांधला त्येनंच सोडावा. आज समदं गाव जमनार हाय. तुमी माईकवर हुभं ऱ्हावा आन् सांगा, आमच्या अकॅडमीचं चुकलं. ह्या पोरीला सरकारी शीट मिळालीय, सोताच्या मार्कावर. ती परदेशापरास भारी हाय आन् तिनं तिकडंच जावं. मी सांगितलं तर बाप अब्रू झाकतोय म्हनतील. सरांनी सांगितलं तर गाव गप हुईल. त्येंना तुमचा शब्द म्हंजे गॅझेट. गाडी सांगून ठेवलीया मी. तुमचं बोलणं झालं की हितनंच बॅग टाकतो आन् निघतो. सकाळी तिथं हजर."

"आणि आमची अकॅडमी?"

"तुमची नोकरी जाईल, व्हय. ते मला कळतंय." सुभेदारांनी त्याच्याकडं सरळ बघितलं. "मी जबरी करत न्हाई. आर्डर द्यायला तुमी काय माझं जवान न्हाई. पर दुसरी वाट मला दिसत न्हाई."

सृष्टी चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. अतिशय तिच्याकडं बघून म्हणाला, "बोलतो. आज बोलतो मी." हे म्हणताना त्याला इतकं हलकं वाटलं की तो दोन कप चहा प्याला. शिकवायला लागल्याच्या पहिल्या वर्षी वाटायचं तसं काहीतरी त्याला वाटत होतं. नोकरी गेली तर गेली, परत गोदामावर खोली घेऊ, परत फळा टांगू. दुपारभर तो त्यांच्या गोठ्यात सृष्टीबरोबर गप्पा मारत बसला. तिनं त्याला ते रेडकू दाखवलं, जे आता चांगली अंगानं भरलेली म्हैस झालं होतं. कॉलेजात घोडे शिकवतात का, हत्ती शिकवतात का, असलं काय काय ती विचारत होती, आणि त्यातलं एकही त्याला येत नव्हतं.

ऊन कलल्यावर देवळापुढं लोक जमले. बायका एकीकडं, बाप्ये एकीकडं, पोरं जिथं मोकळी जागा दिसेल तिथं. मांडवाच्या कडेला सुभेदारांनी सांगितलेली जीप उभी होती आणि तिच्यात सृष्टीची बॅग आधीच टाकलेली होती. लोकरीचं जाकीट मात्र घरीच ठेवलं होतं. सुभेदार खुर्चीवर बसलेच नाहीत. जीपच्या बाजूला हात मागं बांधून उभे राहिले.

ऋषिराजची पांढरी गाडी आली. त्याच्याबरोबर हारांच्या पाट्या, फेटे बांधणारा माणूस आणि एक गुंडाळलेला फ्लेक्स होता. ऋषिराज सगळ्यांना नमस्कार करत, म्हाताऱ्यांच्या पायाला हात लावत वर आला. अतिशयच्या खांद्यावर थाप मारून कानात म्हणाला, "आलो बघ. म्हटलं होतं न्हवं?" आणि थेट माईकचा ताबा घेतला.

त्याला बोलता येतं, हे कबूल करायला पाहिजे. कोयनेच्या पाण्यापासून सुरुवात केली आणि गावानं फौजेला दिलेल्या पोरांवर आला. मग म्हणाला, "सृष्टीताईचं कौतुक आपण मागच्या वेळी केलं. पण ज्या माणसानं तिला घडवली त्याचं कौतुक कुणी करायचं? हा माणूस कधी सोतासाठी काय मागत न्हाई. म्हणून मी ठरवलं, आज मागायच्या आत द्यायचं. साताऱ्यात शिखरवाटची सगळ्यात मोठी शाखा निघतीय. तिचे प्रमुख आणि कंपनीचे भागीदार, अतिशय पाटील सर! आणि ही घोषणा मी साताऱ्यात केली न्हाई, सांगलीत केली न्हाई. आंबवणेवाडीत केली, कारण सरांचं खरं घर हितं हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. दोन पोरांनी गुंडाळलेला फ्लेक्स उलगडून वर धरला. त्यावर अतिशयचा दोन हात जोडलेला फोटो होता. फेटेवाला पुढं आला आणि अतिशय काही म्हणायच्या आत त्याच्या डोक्याला पहिला वेढा बसला. गावचे सरपंच शाल घेऊन उभे होते. बायकांच्या बाजूनं दोघी पंचारती घेऊन पुढं आल्या. एका म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली. फेट्याचा शेवटचा वेढा आवळून झाला, तुरा नीट बसला, आणि ऋषिराजनं त्याच्या हातात माईक दिला.

"बोला, सर," तो म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला.

आता अतिशयची बाजू घ्यायची तर कुणीही घेऊ शकेल. त्याला सापळ्यात पकडलं, सगळ्या गावासमोर कोंडीत धरलं, आणि तेही त्याच्याच युक्तीनं, असं म्हणता येईल. पण फेट्यानं डोकं बांधतात, तोंड बांधत नाहीत. माईक चालू होता, आवाज खणखणीत जात होता. सृष्टी पहिल्या रांगेत बसली होती. तिकडं जीपच्या ड्रायव्हरनं विडी विझवून चाक हातात घेतलं होतं. दोन वाक्यं पुरली असती. आमचं चुकलं, आणि पोरीला जाऊ द्या.

खरी गोष्ट अशी की त्याला बरं वाटत होतं. साताऱ्याची शाखा, भागीदार हा शब्द, आणि समोर बसलेल्या शेपन्नास माणसांच्या तोंडावरचा तो आदर. इतकी वर्षं दुसऱ्यांची डोकी बांधली, आज पहिल्यांदा आपलं डोकं कुणीतरी बांधलं होतं. ह्याच माणसांपुढं आत्ताच्या आत्ता, ज्यानं हे सगळं दिलं त्याच्या तोंडावर, आमचं चुकलं असं म्हणायचं? कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि घरी बायकोला काय सांगायचं? त्याच्या मनात आलं, आज नको, इथं नको. कार्यक्रम झाल्यावर सुभेदारांना बाजूला घेऊन बोलू. उद्या सकाळी काहीतरी मार्ग काढू. कॉलेजला फोन करून मुदत मागू. असं कुठलंही कॉलेज मुदत देत नाही, हे तोच पालकांना रोज सांगत होता.

त्यानं घसा साफ केला. "आंबवणेवाडीच्या माझ्या सर्व बंधूंनो आणि भगिनींनो," तो म्हणाला. सुभेदार जीपपासून एक पाऊल पुढं आले. "आज ह्या डोंगरातली एक लेक सातासमुद्रापार निघालीय..."

पुढचं भाषण त्याला पाठच होतं. आईबापाचे कष्ट, गावाचं नाव, पांढरा कोट, परत येऊन ह्याच मातीची सेवा. सवयीनं आवाज जिथं चढायचा तिथं चढला, जिथं भिजायचा तिथं भिजला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यानं एकदाही पहिल्या रांगेकडं पाहिलं नाही. मधेच त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं ते एवढंच, की सुभेदार वळून जीपकडं गेले, ड्रायव्हरशी काहीतरी बोलले आणि मागची बॅग काढून स्वतः खांद्यावर घेतली. जीप रिकामीच उतारावरून खाली गेली. कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते.

भाषण संपल्यावर तो स्टेजच्या मागच्या बाजूला जाऊन पाणी पीत उभा राहिला. सृष्टी तिथं आली. आईनं पाठवली असणार, सरांच्या पाया पड म्हणून. ती वाकली, पाया पडली आणि उभी राहिली.

"तिकडं नीट राहा," अतिशय म्हणाला. "अभ्यास कर. तुला ती परीक्षा अवघड नाही जायची. काही लागलं तर मला कधीही फोन कर." तो बोलत होता आणि आपण बोलतोय ह्याची त्याला शरम वाटत होती, तरी थांबता येत नव्हतं. "मी सांगणार होतो, सृष्टी. देवाशपथ सांगणार होतो. पण एकदम असं सगळं..."

"दुपारी मी गोठ्यातनं घरात गेले तेव्हा बाबा म्हणाले, सर नाही बोलायचे," सृष्टी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "म्हणाले, उगाच गाडी कशाला सांगितली मी. मी म्हटलं, राहू द्या बाबा. सर बोलतील. मला शिकवलंय त्यांनी."

तिचे डोळे भरले, पण तिनं ते खाली सांडू दिले नाहीत. फौजेतल्या माणसाची पोर होती. स्टेजवरून तिला फोटोसाठी हाक आली आणि ती वळून गेली. ऋषिराजनं अतिशयलाही हात करून बोलावलं. फोटोवाला म्हणाला, सर मधे या, जरा जवळ, हसा. अतिशय जाऊन सृष्टीच्या शेजारी उभा राहिला आणि हसला.